शुक्राणूची परिपक्वता आणि रेतनाची वेळ

(देवगाव फाटा, जि. परभणी येथे पशुपालक मेळाव्यात केलेले भाषण)



गाय उलटली की दोष कोणाला द्यायचा, हे आपल्याकडे जणू ठरलेलेच असते. कोणी गाईला वांझ म्हणतो, कोणी डॉक्टरांना बोल लावतो, तर कोणी 'कांडीत दम नाही' म्हणून कृत्रिम रेतनावरच फुली मारतो. यांपैकी एखादे कारण केव्हा तरी खरेही असते. परंतु पुष्कळदा चुकलेली असते ती वेळ. वेळेला एवढे महत्त्व का, हे समजून घ्यायचे तर शुक्राणूचा प्रवास पाहिला पाहिजे.

वळूच्या वृषणात शुक्राणू घडण्यास सुमारे ६१ दिवस लागतात. आकाराने तो पूर्ण असतो. पण त्याला नीट पोहता येत नाही आणि स्त्रीबीज फलित करण्याची क्षमताही त्याच्या ठायी नसते. ती त्याला वृषणालगतच्या अधिवृषण नावाच्या लांब, वेटोळ्या नलिकेत मिळते. या नलिकेतून जाण्यास साधारणपणे आठ ते अकरा दिवस लागतात. या काळात त्याच्या पृष्ठभागावरील काही प्रथिने गळून पडतात, काहींची काटछाट होते, काही जागा बदलतात आणि नलिकेच्या भिंतीतून स्रवणारी नवी प्रथिने त्याच्यावर चढतात. मे महिन्यातील उन्हाने वळूच्या रेताचे केलेले नुकसान कित्येक आठवड्यांनी उघड होते, याचे कारण घडणीचा हा दीर्घ काळ होय.

पुढे वीर्यातील द्रवात मिसळताना शुक्राणूवर प्रथिनांचे आणखी एक आवरण चढते. ते त्याचे रक्षण करते आणि गाईच्या बीजवाहिनीच्या अस्तराला काही काळ चिकटून राहण्यास मदत करते. परंतु फलनापूर्वी हे आवरण उतरावे लागते. शुक्राणूला मादीच्या शरीरात काही तास काढल्याशिवाय फलनक्षमता येत नाही, हे १९५१ साली अमेरिकेत चांग आणि ऑस्ट्रेलियात ऑस्टिन यांनी स्वतंत्रपणे दाखवून दिले. त्यानंतर शुक्राणूच्या डोक्यावरील टोपी फुटते आणि आत दडलेले प्रथिन पृष्ठभागावर येते. जपानी शास्त्रज्ञांनी २००५ साली उंदरांवरील संशोधनात अशा एका प्रथिनाची ओळख पटवली व त्याला विवाहाशी निगडित असलेल्या इझुमो देवस्थानाचे नाव दिले. ते नसेल, तर शुक्राणू स्त्रीबीजाशी एकरूप होऊ शकत नाही.

आता कांडीकडे वळू. उणे १९६ अंश सेल्सियस तापमानाच्या द्रवरूप नत्रात रेत वर्षानुवर्षे टिकते. त्यात मिसळलेला अंड्याचा पिवळा बलक वीर्यातील काही प्रथिनांना बांधून ठेवतो आणि शुक्राणूच्या पटलाची हानी कमी करतो. तरीही गोठणे आणि वितळणे यांत पृष्ठभागावरील काही बदल वेळेआधीच घडून जातात. म्हणजे कांडीतील शुक्राणू निःसत्त्व नसतो. तो अधिक सिद्ध, पण अल्पायुषी असतो. ताज्या रेताइतकी वाट पाहणे त्याला शक्य होत नाही.

इकडे गाईचे स्त्रीबीज माज ओसरल्यावर सुमारे १० ते १२ तासांनी सुटते आणि तेही थोडेच तास सक्षम राहते. या दोन अल्पायुषी जीवांची गाठ पडावी, यासाठीच नियम सांगितला जातो : सकाळी माज दिसला तर त्याच सायंकाळी, सायंकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन करावे. संधी हुकली, तर साधारण २१ दिवसांचा चारा आणि पुढच्या दुधाचे तितकेच दिवस वाया जातात.

आपल्या भागातील लाल कंधारी आणि देवणी ही जातिवंत जनावरे मराठवाड्याचे भूषण आहेत. वेळ चुकल्यामुळे उलटलेली एखादी धडधाकट गाय वांझ ठरून बाजाराची वाट धरते, तेव्हा त्या कुटुंबाबरोबर हा वंशही थोडा दुबळा होतो.

म्हणून तीन गोष्टी करण्याजोग्या आहेत. पशुपालकांनी पहाटे व रात्री जनावर न्याहाळावे आणि माजाची तारीख व वेळ भिंतीवरील दिनदर्शिकेत लिहावी. म्हशींचा मुका माज सहज लक्षात येत नाही, म्हणून तेथे अधिक दक्षता हवी. शिक्षकांनी ही नोंद ठेवण्याची सवय मुलांना लावावी. पंचायतीने पशुवैद्यकीय दवाखान्याचा दूरध्वनी क्रमांक फलकावर ठळकपणे लिहावा. आणि गाय तीनदा उलटली, तर विकण्यापूर्वी तिची तपासणी अवश्य करून घ्यावी.

डोळ्यांना न दिसणाऱ्या त्या प्रथिनांवर आपली सत्ता चालत नाही. घड्याळ पाहणे मात्र आपल्या हाती आहे. एवढे आपण केले, तरी पुष्कळ गोठ्यांत वासरे वेळेवर बागडू लागतील.