इपिरांगाच्या काठापासून अल्कांताराच्या तळापर्यंत



उन्हाळ्याची चाहूल लागली की गोव्यात आणि कोकणात काजूची बोंडे रंगू लागतात. हे झाड मूळचे ब्राझीलचे. पोर्तुगीजांनी ते पश्चिम किनाऱ्यावर आणले आणि त्याचे तिकडचे नावही जवळजवळ जसेच्या तसे मराठीत रुळले. या दोन भूमींना जोडणारा आणखी एक धागा फारसा कोणाच्या ध्यानात नसतो. १८०८ ते १८२१ या काळात ज्या राजघराण्याची गोव्यावर सत्ता होती, त्याचा दरबार लिस्बनला नव्हे, तर ब्राझीलमधील रिओ द जानेरो येथे भरत असे.

नेपोलियनच्या फौजा १८०७च्या नोव्हेंबरात पोर्तुगालमध्ये घुसल्या, तेव्हा राजघराण्याने ब्रिटिश आरमाराच्या संरक्षणाखाली अटलांटिक महासागर ओलांडला. वसाहतीतून राजाने मायदेशाचा कारभार पाहावा, असा हा उलटा प्रकार होता. त्यामुळे ज्या देशात छापखाना काढण्यास मज्जाव होता तेथे १८०८ साली छापखाना आला, बँक आली, आणि बंदरे परदेशी व्यापाराला खुली झाली. १८२१ मध्ये राजा सहावा जोआंव लिस्बनला परतला आणि आपला पुत्र पेद्रो याला मागे ठेवून गेला. लिस्बनच्या संसदेला ब्राझीलचे जुने वसाहतीचे स्थान पुन्हा लादायचे होते. पेद्रोने परत यावे, असा आदेश तिने काढला. ९ जानेवारी १८२२ रोजी त्याने तो आदेश धुडकावला आणि ७ सप्टेंबरला साओ पावलोजवळच्या इपिरांगा या ओढ्याकाठी स्वातंत्र्याची घोषणा केली.

हे स्वातंत्र्य रक्त न सांडता मिळाले, असे पुष्कळदा सांगितले जाते. ते खरे नाही. बाहिया प्रांतातून पोर्तुगीज सैन्य निघाले ते झुंज दिल्यावर, २ जुलै १८२३ रोजी. उत्तरेकडील मारान्यांव प्रांत तर २८ जुलैपर्यंत लिस्बनशी एकनिष्ठ होता. पोर्तुगालने १८२५ साली मान्यता दिली तीही फुकट नव्हे. वीस लक्ष पौंडांची भरपाई ब्राझीलने मान्य केली, आणि तिचा मोठा भाग म्हणजे पोर्तुगालने लंडनमध्ये काढलेले कर्ज होते. नव्या राष्ट्राचा संसार असा दुसऱ्याच्या कर्जाने सुरू झाला. गुलामांची सुटका तर या स्वातंत्र्याच्या हिशेबात धरलीच गेली नव्हती. ती झाली १३ मे १८८८ रोजी, आणि पुढच्याच वर्षी राजसत्ता जाऊन प्रजासत्ताक आले.

मारान्यांवमध्ये अल्कांतारा नावाचे जुने गाव आहे. येथील कापसाचे मळे गुलामांच्या श्रमावर उभे होते. कापसाचा व्यापार बसला, मळेवाले निघून गेले आणि पूर्वी गुलाम असलेल्यांचे वंशज त्या जमिनीवर राहिले. शेती करावी, समुद्रावर मासे धरावेत, असा त्यांचा जीवनक्रम. या वस्त्यांना किलोंबो म्हणतात.

अल्कांतारा विषुववृत्तापासून सव्वादोन अंशांवर आहे. विषुववृत्ताजवळ पृथ्वीच्या परिवलनाचा वेग ताशी सुमारे १,६७० किलोमीटर असतो. पूर्वेकडे झेपावणाऱ्या अग्निबाणाला तो वेग आयता मिळतो आणि इंधन वाचते. समोर उघडा समुद्र असल्यामुळे बाणाचे भाग पडले तरी वस्तीला धोका नाही. म्हणून १९८३ साली येथे प्रक्षेपण तळ उभारण्यास प्रारंभ झाला.

ब्राझीलला आकाशाची ओढ जुनी. सांतोस द्युमाँ या ब्राझीलच्या सुपुत्राने १९०६ साली पॅरिसमध्ये विमान उडविले होते. अंतराळ संशोधनासाठी शासकीय समिती १९६१ मध्ये नेमली गेली. १९६५ मध्ये नाताल शहराजवळून संशोधन अग्निबाण सोडण्यात आले. पुढे स्वतःचा उपग्रह, स्वतःचा प्रक्षेपक आणि स्वतःचा तळ अशी तिहेरी योजना आखण्यात आली. उपग्रहाचे काम पुढे गेले. दूरवरच्या स्वयंचलित केंद्रांकडून हवामान आणि नद्यांच्या पातळीची माहिती गोळा करणारा पहिला उपग्रह १९९३ साली अमेरिकन बाणावरून गेला. चीनच्या सहकार्याने केलेला भूनिरीक्षण उपग्रह १९९९ साली गेला. अडले ते प्रक्षेपकापाशी.

१९९७ आणि १९९९ या दोन्ही वर्षी अल्कांताराहून केलेली उड्डाणे फसली. तिसऱ्याची तयारी चालू असताना, २२ ऑगस्ट २००३ रोजी, तळावरच उभ्या असलेल्या बाणाच्या पहिल्या टप्प्यातील एका मोटारीने अकस्मात पेट घेतला. मनोरा कोसळला. एकवीस अभियंते व तंत्रज्ञ मृत्युमुखी पडले. वर्षानुवर्षांच्या अनुभवाने तयार झालेली ही माणसे होती आणि त्यांची जागा भरून काढणे अंदाजपत्रकातील तरतुदीच्या हाती नव्हते. ब्राझीलच्या स्वतःच्या प्रक्षेपकाने आजवर एकही उपग्रह कक्षेत पोचविलेला नाही.

तळ भाड्याने द्यावा, तर तेथेही सार्वभौमत्वाचा प्रश्न आडवा आला. २००० साली अमेरिकेशी झालेल्या करारात एक अट होती. तळाच्या भाड्याचा पैसा ब्राझीलने स्वतःच्या प्रक्षेपकावर खर्च करू नये. संसदेची त्याला मंजुरी मिळाली नाही. युक्रेनबरोबरचा उपक्रम २०१५ साली सोडून देण्यात आला. अमेरिकेशी नवा करार २०१९ मध्ये झाला. श्रीहरिकोटा मात्र उपयोगी पडले. आराखड्यापासून चाचण्यांपर्यंत सर्वस्वी ब्राझीलमध्ये घडलेला पहिला भूनिरीक्षण उपग्रह ॲमेझोनिया-१, वजन ६३७ किलोग्रॅम, २८ फेब्रुवारी २०२१ रोजी भारताच्या पीएसएलव्ही बाणाने कक्षेत सोडला. त्या वेळी तेथे ब्राझीलचे विज्ञानमंत्री मार्कोस पोंतेस उपस्थित होते. २००६ साली सोयूझ यानातून अंतराळात गेलेले पहिले ब्राझीलवासी तेच.

तळासाठी १९८०च्या दशकात ३१२ किलोंबो कुटुंबे किनाऱ्यावरून उठवून आतल्या भागात सरळ रांगांच्या नव्या वसाहतींत नेण्यात आली. तेथून समुद्र दूर पडला. मासे धरणाऱ्याला समुद्रापर्यंतची वाटच लांब झाली, मग घर पक्के असून काय उपयोग? त्यांची तक्रार आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयापर्यंत गेली आणि २०२५च्या मार्चमध्ये जाहीर झालेल्या निकालाने ब्राझीलच्या शासनास दोषी ठरविले. त्याआधी, सप्टेंबर २०२४ मध्ये, शासनाने या वस्त्यांशी समझोता केला होता. सुमारे ७८ हजार हेक्टर जमीन त्यांच्या सामूहिक मालकीची मानावयाची आणि तळाची हद्द यापुढे त्यांच्या जमिनीवर वाढवावयाची नाही, असे त्यात ठरले आहे.