दोन वितींचा चेंडू



गोल्फ हा खेळ आपल्याकडे श्रीमंतांचा, साहेबांचा आणि फार तर लष्करी अधिकाऱ्यांचा समजला जातो. आणि ही समजूत अगदीच निराधार आहे असे मी म्हणणार नाही. कलकत्त्यास १८२९ साली आणि मुंबईस १८४२ साली ह्या खेळाचे क्लब निघाले, ते साहेबांनी साहेबांसाठीच काढले होते. तेव्हा हुडकेश्वरात राहणारा एक निवृत्त शाळामास्तर आपल्यापुढे गोल्फविषयी बोलावयास बसला आहे, हे पाहून काही श्रोत्यांना हसू आले असेल. आमच्या गल्लीतील मुलांनाही येते. स्कूटरच्या मागे काठ्यांची लांबोडकी पिशवी बांधून मी पहाटे निघालो की मास्तर कोठे दहीहंडीला चालले काय, असे ती विचारतात.

हुडकेश्वर हे नागपुराच्या दक्षिण अंगाचे. माझ्या लहानपणी ते शेतांनी वेढलेले खेडे होते; सांप्रत ते शहराच्या पोटात गेले आहे. तेथे आम्ही जो खेळ खेळलो तो विटीदांडूचा. त्यातील 'वकट, लेंड, मुंड, नाल' हे आकडे तेलुगूतील 'ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु' ह्यांचे भाऊबंद आहेत, हे मला पुष्कळ वर्षांनी उमगले. पण तो विषय निराळा. विटीदांडू आणि गोल्फ ह्यांत लाकडाने एक लहानशी वस्तू दूर धाडावयाची, एवढे साम्य खरे. भेद मात्र मोठा आहे. विटीदांडूत कोणी कोणाला काही सोडल्याचे मला आठवत नाही. अर्ध्या दांडूच्या अंतरासाठी आम्ही एकमेकांच्या अंगावर धावून गेलो आहोत. गोल्फमध्ये 'देणे' ह्या गोष्टीला नियमांतच जागा करून ठेवलेली आहे. आज मला जे सांगावयाचे आहे ते ह्या देण्याविषयीच.

आम्ही बारा मित्र आहोत. काही शाळासोबती, काही नोकरीतले, एक वकील, एक डॉक्टर. आमच्यापैकी एकाची उभी हयात फौजेत गेली; त्याच्याच खटपटीने शहराबाहेरील एका मैदानावर आम्हांस खेळावयास मिळू लागले. दरसाल संक्रांतीनंतरच्या एका रविवारी आमचा सांघिक सामना होतो. नाग नदीच्या दक्षिणेस राहणारे सहा आणि उत्तरेस राहणारे सहा, असे दोन पक्ष. सकाळी जोडीजोडीने तीन सामने, दुपारी एकास एक असे सहा. प्रत्येकाचा एक गुण, बरोबरी झाल्यास अर्धा अर्धा. एकूण गुण नऊ. जिंकणाऱ्यांकडे वर्षभर एक पितळेचा गडू राहतो, आणि हरणाऱ्यांनी सर्वांना वडाभात व पुडाची वडी खाऊ घालावयाची.

ही कल्पना आमची नव्हे. इंग्लंडात सॅम्युएल रायडर नावाचा एक बियाण्यांचा व्यापारी होता. पेनी-पेनीच्या पाकिटांतून फुलाभाज्यांचे बी विकून त्याने पैसा केला, आणि प्रकृतीसाठी म्हणून पन्नाशीच्या सुमारास गोल्फ हाती धरला. त्याने दिलेल्या सोन्याच्या चषकासाठी ब्रिटन आणि अमेरिका ह्यांच्या धंदेवाईक खेळाडूंचा पहिला अधिकृत सामना १९२७ साली अमेरिकेतील वुस्टर येथे झाला. त्यात अमेरिकेने साडेनऊ विरुद्ध अडीच गुणांनी ब्रिटनचा फडशा पाडला. १९७९ पासून ब्रिटनच्या जागी सबंध युरोपचा संघ उतरतो. तो सामना दोन वर्षांतून एकदा होतो. आमचा दरसाल होतो, कारण दोन वर्षांचा वायदा करण्याचे आमचे वय राहिलेले नाही.

आता देण्याविषयी. ह्या खेळात एक देणे हिशेबाचे आहे. त्याला हँडिकॅप म्हणतात. ज्याचा खेळ कच्चा, त्याला तितके टोले सूट. माझा आकडा चौदा आणि माझ्या प्रतिस्पर्ध्याचा बावीस असेल, तर अठरा होलांपैकी जे आठ सर्वांत अवघड ठरलेले असतील, त्यांवर त्याला एकेक टोला मी देणे लागतो. ह्यात उपकार नाही आणि लाजही नाही. सावकाराच्या चोपडीत लिहावे तसे ते आधीच लिहिलेले असते. बारा मित्रांत कोणी बळकट, कोणी दुबळा, कोणाचे गुडघे गेलेले. हे सारे उघडपणे मोजून घेतल्यामुळेच आम्ही एका मैदानावर उभे राहू शकतो. आपल्या पुष्कळ स्नेहमंडळांत हा भेद कोणी मोजत नाही आणि मनातून सगळेच मोजतात. त्यापेक्षा ही चोपडी बरी, असे माझे मत आहे.

दुसरे देणे निराळे आहे. चेंडू होलाच्या अगदी जवळ येऊन थांबला म्हणजे प्रतिस्पर्धी म्हणू शकतो, "दिला, उचला." मग तो शेवटचा टोला न मारताच मारला असे धरतात. होलाचे तोंड सव्वाचार इंच रुंद आणि चेंडू पावणेदोन इंचांहून किंचित लहान. अंतर वीतभर असेल तर चुकण्याचा संभव थोडा, म्हणून ही रीत. परंतु नियम असा आहे की, एकदा दिलेले परत घेता येत नाही. आणि ज्याला दिले त्याला ते नाकारताही येत नाही. ह्या दुसऱ्या कलमाकडे मी पुष्कळ वर्षे लक्षच दिले नव्हते.

गेल्या वर्षीच्या सामन्याची गोष्ट. गडू उत्तरेकडे होता. म्हणजे बरोबरी झाली तर तो तेथेच राहावयाचा. आठ सामने संपले तेव्हा गुण चार-चार झाले होते. नववा, शेवटचा सामना माझा होता, आणि समोर माझा सर्वांत जुना मित्र होता. हुडकेश्वराच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसलो. पुढे तो पाटबंधारे खात्यात अभियंता झाला आणि नदीच्या पलीकडे घर बांधून राहिला. दोन वर्षांपूर्वी त्याला कंपवाताचा आजार जडला. उजवा हात थरथरतो. लांबचे टोले तो अजूनही बरे मारतो, कारण अंगाच्या झोकात थरथर लपते. पण जवळचा हलका टोला म्हणजे त्याची परीक्षाच.

अठराव्या होलावर आम्ही आलो तेव्हा बरोबरीत होतो. माझा चेंडू पाच टोल्यांत आत गेला. त्याचे चार टोले झाले होते आणि चेंडू होलापासून दोन वितींवर होता. तो आत गेला तर बरोबरी आणि गडू उत्तरेस. चुकला तर सामना माझा आणि गडू दक्षिणेस. बाकीचे दहाजण ग्रीनच्या कडेने उभे होते. ऊन कलले होते. तो वाकला, काठी टेकवली आणि हात थरथरू लागला. त्याने काठी उचलली, पुन्हा टेकवली. मला ते पाहवले नाही. मी म्हणालो, "दिला. उचल."

क्षणभर कोणी टाळीही वाजवली नाही. मग उत्तरेकडच्यांनी वाजवली. माझा मित्र माझ्याकडे न पाहता चेंडू उचलून चालू लागला.

त्या रात्रीचे जेवण आमच्या पक्षाने घातले. पंगतीत माझ्या शेजारी वकीलसाहेब होते. सकाळच्या जोडीच्या सामन्यात ते माझे भिडू होते, आणि बासष्टाव्या वर्षी गुडघ्याला पट्टा बांधून त्यांनी तो सामना खेचून आणला होता. ते माझ्याशी बोलेनात. शेवटी मीच विषय काढला आणि माझ्या बचावासाठी एक मोठे उदाहरण पुढे केले.

ते उदाहरण असे. १९६९ साली रॉयल बर्कडेल येथे रायडर चषकाचा सामना अगदी शेवटच्या होलापर्यंत बरोबरीत आला. ब्रिटनचा टोनी जॅकलिन त्याच उन्हाळ्यात ब्रिटिश ओपन जिंकलेला. अमेरिकेचा जॅक निकलस रायडर चषकात प्रथमच खेळत होता. निकलसने आपला चेंडू आत घातला. जॅकलिनचा दोनएक फुटांवर होता. निकलसने त्याची खूण उचलून त्याला तो देऊन टाकला. सामना सोळा-सोळा असा बरोबरीत सुटला. ह्या चषकाच्या इतिहासात असे प्रथमच घडले. जगाने ह्या औदार्याची वाखाणणी केली, आणि ती आजवर चालू आहे.

वकीलसाहेबांनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, "मास्तर, चषक त्या वेळी कोणाकडे होता?"

"अमेरिकेकडे."

"म्हणजे बरोबरी झाल्यावर तो कोणाकडे राहिला?"

"अमेरिकेकडेच."

"मग निकलसने दिले काय? विजय दिला, चषक नव्हे. आणि तेवढ्यावरही त्याचा कर्णधार सॅम स्नीड नाराज झालाच ना? आपण तर गडूच देऊन बसलात. आणि तो एकट्या आपला नव्हता. त्यात माझा गुडघा होता."

ह्यावर मला उत्तर सुचले नाही. आजही सुचत नाही. माझा पैसा मी कोणास दिला तर ते दान. पण सहाजणांच्या सामाईक पेटीतील पैसा एकट्याने दिला तर त्याला काय म्हणावे? द्यूतसभेत द्रौपदीने विचारलेला प्रश्न हक्काचाच होता, आणि भीष्मांसारख्यांनाही त्याचे सरळ उत्तर देता आले नाही. गडूची आणि त्या सभेची तुलना करणे हास्यास्पद आहे हे मी जाणतो. परंतु औदार्याची कीर्ती देणाऱ्याच्या नावावर जमा होते आणि खर्च इतरांच्या नावावर पडतो, हा प्रकार घराघरांत चालतो. वडाभात वाढताना मला तो प्रथमच स्पष्ट दिसला.

खरा आघात तर पुढेच होता. चार दिवसांनी मी मित्राच्या घरी गेलो. त्याने चहा मागवला. कपबशी धरताना बशी वाजत होती, म्हणून त्याने ती खाली ठेवली आणि म्हणाला, "तू मला तो चेंडू का दिलास?"

मी म्हणालो, "दोन विती तर होत्या. तू घातलाच असतास."

"मग घालू द्यायचा होतास. तुला खात्री असती तर तू थांबला असतास. खात्री नव्हती म्हणून दिलास. माझे आठ टोले हँडिकॅपाचे होते, ते मी घेतले. ते माझ्या हक्काचे. हा नववा कशाचा?" थोडे थांबून तो पुढे म्हणाला, "आणि नियम असा की मला नाही म्हणता येईना. दहाजणांसमोर उचलावा लागला."

मी दयेने वागलो होतो ह्यात संशय नाही. परंतु ती दया त्याच्या हातावर होती की ते थरथरणे पाहत उभे राहणे सोसेना म्हणून स्वतःवरच होती, हे त्या दिवशी मला सांगता आले नसते.

त्याच्या फळीवरील संगणकावर त्याने मला एक जुना सामना दाखवला. अनिर्बन लाहिरी हा आपल्या पुण्यात १९८७ साली जन्मलेला खेळाडू. २०१५ साली दक्षिण कोरियात इंचॉन येथे अमेरिकेविरुद्ध युरोपाबाहेरील देशांचा जो संघ प्रेसिडेंट्स चषकासाठी उतरला, त्यात तो होता. तेथवर पोचलेला पहिला भारतीय. शेवटच्या दिवशी त्याची गाठ ख्रिस कर्कशी पडली. अठराव्या होलावर दोघे बरोबरीत आले. कर्कचा चेंडू पुष्कळ दूर होता, लाहिरीचा चार-पाच फुटांवर. कर्कने लांबचा तो टोला आत घातला. लाहिरीचा चेंडू कडेला लागून बाहेर राहिला. अमेरिकेने तो चषक साडेपंधरा विरुद्ध साडेचौदा गुणांनी जिंकला. त्या एका सामन्याचा गुण अर्धा-अर्धा वाटला गेला असता, तर बेरीज पंधरा-पंधरा झाली असती.

"बघ," माझा मित्र म्हणाला, "त्याला कोणी दिला नाही. चुकला. पण चुकला तो त्याने."

चार-पाच फूट म्हणजे दोन विती नव्हेत, असे माझ्या मनात आले होते. बोललो नाही.

यंदाचा सामना गेल्या महिन्यात झाला. त्याने आधीच निरोप धाडला होता की, गाठ माझ्याशीच पडावी आणि मी काही देऊ नये. एक बोटभर असले तरी नाही. वकीलसाहेबांनी हा निरोप सर्वांसमक्ष वाचून दाखवला आणि माझ्याकडे पाहून कागद खिशात घातला. औषधे वाढली आहेत, हात मात्र थांबलेला नाही. अकराव्या होलावर वीतभराचा चेंडू त्याने घालवला. मी गप्प राहिलो. तोही काही बोलला नाही. सोळाव्यावर तसाच एक आला. त्याने डावा हात खाली आणि उजवा वर अशी काठी धरली होती. ही पकड त्याने वर्षभर घरच्या गालिच्यावर घोटली होती, हे वहिनींकडून मला मागाहून कळले. त्याला फार वेळ लागला. मी तेथेच उभा राहिलो आणि ह्या वेळी दुसरीकडे पाहिले नाही. चेंडू कडेवरून अर्धा फिरला आणि आत पडला.

त्याने वाकून तो स्वतः काढला आणि म्हणाला, "चल, दोन होल राहिले आहेत."

गडू यंदाही उत्तरेकडेच राहिला. वडाभात आम्हीच घातला, आणि वकीलसाहेबांनी दोनदा मागून घेतला.