यंत्र दाखवणारी ताई

भांडी घासता घासता ऐकत असाल, तरी चालेल. आवाज तेवढा वाढवा.

हल्ली आमच्या गटांच्या बैठकीत एकच विचारणा असते. कंपन्या गावोगाव यंत्रं दाखवायला आणि विकायला बायका शोधतायत. लेकीनं, सुनेनं हे काम धरावं का? आम्ही म्हणतो, धरावं. पण काम काय आहे ते नीट बघून.

मोठ्या कंपन्यांत या कामाला ‘टेक्नॉलॉजी इव्हँजेलिस्ट’ असं जड नाव आहे. मूळ शब्द धर्मप्रचारकाचा. अमेरिकेत अ‍ॅपल कंपनीनं १९८४ साली मॅकिंटॉश संगणक बाजारात आणला, तेव्हा गाय कावासाकी हे काम करायचे. बाहेरच्या कंपन्यांना भेटायचं, आमच्या संगणकासाठी प्रोग्रॅम तयार करा म्हणून पटवायचं. हे गृहस्थ शिकले मानसशास्त्र आणि आधी होते दागिन्यांच्या धंद्यात! म्हणजे ‘आम्ही कुठं इंजिनिअर’ हे कारण चालायचं नाही.

आपल्याकडंही हे नवं नाही. २०१५ साली गूगल आणि टाटा ट्रस्ट्सनं ‘इंटरनेट साथी’ सुरू केलं. गावातलीच बाई फोन घेऊन सायकलवरून जायची आणि दुसऱ्या बायकांना इंटरनेट शिकवायची. आता ड्रोन दीदी आहेत. त्यांचं प्रशिक्षण १५ दिवसांचं. त्यातले ५ दिवस ड्रोन उडवण्याचे, १० दिवस खत-औषधाच्या फवारणीचे. उडवण्याच्या दुप्पट दिवस शेतीला दिलेत, आणि ते बरोबरच आहे. शेतकरी विचारणार, वारा सुटल्यावर फवारलं तर औषध शेजारच्या वावरात जाणार नाही का? तिथं ‘जातं, म्हणून वाऱ्यात फवारायचं नाही’ असं सांगता आलं पाहिजे.

हे का सांगतोय? आमच्या एका गटानं कर्ज काढून मिरची कांडप यंत्र घेतलं. विकणाऱ्यानं ते तालुक्याला चालवून दाखवलं, तिथं वीज पूर्ण दाबाची. आमच्या वाडीत संध्याकाळी दाब पडतो. मोटर नुसती गुरगुरायची, फिरायची नाही. फोन केला तर म्हणे, माझं काम विक्रीचं, दुरुस्तीवाल्याशी बोला. हप्ता मात्र दर महिन्याला दारात. उद्या आपलीच सून यंत्र विकत फिरली, तर तिला फोन बंद करून चालणार नाही. पाणवठ्यावर, लग्नात, हळदी-कुंकवाला त्याच बायका भेटणार.

म्हणून आमच्या मुलींना आम्ही सांगतो, यंत्र जिथं चालवायचं तिथंच दाखव. त्यांच्या विजेवर, त्यांच्या मिरचीवर. जिथं चालत नाही तेही आधीच सांग. एखादं गिऱ्हाईक जाईल, जाऊ दे. बायका काय विचारतात, कुठं अडतात, ते वहीत लिहून कंपनीला कळव. ही वहीच पुढं कामाला येते. नुसती विकणारी कुणीही मिळते, गिऱ्हाइकाची अडचण कारखान्यापर्यंत नेणारी मिळत नाही. पगार वाढवून मागताना, दुसऱ्या कंपनीत जाताना ती वही समोर ठेवायची.

आणि काम धरायच्या आधी विचारायचं. पगार ठरलेला की नुसतं कमिशन? गाडीभाडं कोण देणार? दाखवायचं यंत्र मोडलं तर भरपाई कुणाकडून? दुरुस्तीवाला किती दिवसांत येणार? सगळं नेमणूकपत्रात लिहून घ्यायचं. कामाला लावायचे म्हणून कुणी आधी पैसे मागितले, तर चहा पाजून वाटेला लावायचं.

घरचे म्हणतील, बाईमाणसानं परगावी एकटीनं कसं फिरायचं? सुरुवातीला दोघी-दोघींनी जा, आपल्याच प्रभागसंघाच्या गावांत. तिथं ओळखीचं एक तरी दार असतं.

कुणाकडं असं नेमणूकपत्र आलं असेल, तर सही करायच्या आधी ग्रामसंघाच्या बैठकीत घेऊन या. आपण बसून ओळ न् ओळ वाचू.