बिंदुसरा नदीच्या काठी आपलं स्वागत

मान्यवर डॉक्टर मंडळी आणि रोजची गोळी सोबत बांधून आलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

सीएमएल हा अस्थिमज्जेत पांढऱ्या पेशी बेसुमार वाढवणारा आजार. त्यावर औषध घेणाऱ्यांची परिषद आमच्या पाली गावात भरते आहे, याचा मला फार अभिमान आहे.

बीडहून येताना खजाना विहीर पाहिली नसेल, तर परतताना जरूर थांबा. 1582 च्या सुमारास, निजामशाहीत, सलाबतखानानं ती बांधवली. सारा खजिना तिच्यात ओतला म्हणून हे नाव, असं जुनी माणसं सांगतात. आखणी करणाऱ्या राजा भास्करचं नाव मात्र कुणी घेत नाही. मी आज मुद्दाम घेतो. पाणी भुयारातून आत येतं आणि भुयारातूनच जाऊन खालची शेती भिजवतं. ना मोट, ना मोटार! दुष्काळातही पातळी ढळत नाही, अशी तिची ख्याती. अस्थिमज्जा ही देहातली तशीच विहीर.

आपल्या औषधालाही इतिहास आहे. इमॅटिनिबच्या पेटंटला मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशननं हरकत घेतली. 1 एप्रिल 2013 ला सर्वोच्च न्यायालयानं पेटंट नाकारलं. महिन्याला लाखाच्या वर जाणाऱ्या औषधाचा देशी पर्याय आठ-दहा हजारांत मिळत राहिला. तरी काउंट नॉर्मल आला की काहीजण गोळी सोडतात. कुणी पोटऱ्यांत येणाऱ्या पेटक्यांना, डोळ्यांभोवतीच्या सुजेला, मळमळीला कंटाळून सोडतात. दवाखान्याच्या गर्दीत हे बोलायचं राहून जातं. इथं संकोच न करता बोला, डॉक्टरांनाही ऐकवा. आमच्याच गावात दत्ता आणि संध्या बारगजे यांच्या 'इन्फंट इंडिया' संस्थेत एचआयव्हीबाधित मुलं रोजच्या औषधावर वाढली, शिकली. ती आमची शान आहेत.

व्यवस्थेत उणिवा आहेत. मंडपात उकडतं, पंखे कमी पडले, स्वच्छतागृह लांब आहे. पाय दुखणाऱ्यांना सतरंजीवर बसावं लागलं, याची फार खंत वाटते. शाळेतून खुर्च्या निघाल्या आहेत. ज्वारी देणारे शेतकरी, पहाटेपासून भाकरी थापणाऱ्या बचत गटाच्या भगिनी, भाडं न घेणारे मंडपवाले, टँकर पाठवणारे, नाव सांगू नका म्हणणारे देणगीदार, या सर्वांचा मी ऋणी आहे. गोळी भरल्या पोटी घ्यायची असते, म्हणून रुग्णांची पंगत पहिली बसेल. पाण्याचे मोठे पेले प्रत्येक पानाशी ठेवायला सांगितले आहेत.