तेलाचा हात

दिवाळीच्या पहाटे आई आम्हा भावंडांना पाटावर बसवून तेल लावायची. कोमट तेल टाळूवर थापलं की डोळे आपोआप मिटायचे. वर्षातून एकदा मिळणारं हे सुख रोज घ्यावं, असं वाग्भटांनी 'अष्टांगहृदया'त सांगून ठेवलं आहे. डोकं, कान आणि तळपाय यांना तर विशेषकरून तेल लावावं, असं ते म्हणतात. मात्र अजीर्ण झालं असेल तर अभ्यंग नको, हेही तिथंच सांगितलं आहे. तेल केव्हा लावू नये, हा भाग आपण विसरतो. मीही विसरले होते.

न्हाणीघरात पाय घसरून आईच्या खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, ती घरी आली. दिवसभर अंथरुणावर. तिसऱ्या आठवड्यात तिची डावी पोटरी सुजली, दुखू लागली. "जरा तेल चोळून दे गं," ती म्हणाली. मी तेल तापत ठेवलं. माझ्या मुलाला लहानपणी न्हाऊ घालणाऱ्या मावशी नेमक्या त्या दिवशी आईला भेटायला आल्या होत्या. त्यांनी दोन्ही पायांना हात लावून पाहिला. म्हणाल्या, "ताई, एकच पाय सुजलाय, गरमही लागतोय. याला चोळायचं नाही. आधी डॉक्टरांना दाखवा."

सोनोग्राफीत पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी दिसली. चोळल्यानं ती सुटून फुप्फुसात गेली असती तर जिवावर बेतलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. माझे हातपाय गार पडले.

श्रोतेहो, म्हणून मालिश वाईट का? मुळीच नाही. सावकाश, एका लयीत चोळलं की आखडलेले स्नायू सैल होतात, मन निवतं, झोप चांगली लागते. अमेरिकेत टिफनी फील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांना दहा दिवस, दिवसातून तीनदा, पंधरा-पंधरा मिनिटं हळुवार चोळलं, त्यांचे हातपाय हलवले. १९८६ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. या बाळांचं वजन तशाच इतर बाळांपेक्षा रोज ४७ टक्के अधिक वाढत होतं.

पण मालिशनं चरबी वितळते, मोडलेलं हाड सांधतं, यावर विश्वास ठेवू नका. ताप, जखम, ताजा मुका मार किंवा एकाच पायाला सूज असेल, तर तेलाची वाटी बाजूला ठेवा.

आईचे औषधोपचार पूर्ण झाले आणि डॉक्टरांनी परवानगी दिली. आता रोज रात्री दहा मिनिटं मी तिच्या तळपायांना तेल लावते. बोलता बोलता तिला झोप लागते. मग तळवे कोरडे पुसते, कारण रात्री उठली तर पाय घसरायला नको. आणि तेल तापत ठेवण्याआधी तिच्या दोन्ही पोटऱ्यांवरून एकदा हात फिरवते. ते मावशींनी शिकवलं.