समीकरणांची रांगोळी

श्रोतेहो, आमचे कोपरगाव घ्या किंवा तुमचे गाव घ्या, ठिपक्यांची रांगोळी घालणाऱ्या मुलीला चौथ्या ओळीतला तिसरा ठिपका न चुकता सापडतो. आलेख म्हणजे तरी दुसरे काय? पण बीजगणिताच्या तासाला 'क्ष' आला की तीच मुलगी गप्प होते. त्या क्षचे चित्र तिला कोणी दाखवलेलेच नसते.

आपण दाखवू या. आलेखाचा कागद नसला तरी सारवलेले अंगण चालेल. एक आडवी आणि एक उभी रेघ ओढा. त्या छेदतात तिथे शून्य. उजवीकडे आणि वर अधिक, डावीकडे आणि खाली उणे. आडवे अंतर क्ष, उभे अंतर य. आता नियम असा : क्षचा वर्ग आणि यचा वर्ग मिळून २५ व्हावेत. ३ आणि ४ घ्या. ९ अधिक १६, झाले २५! ४ आणि ३, ५ आणि ०, ० आणि ५ हेही बसतात. अधिक-उणे धरून असे १२ ठिपके मिळतात. ते गोलाईने जोडा, की वर्तुळ तयार.

डोळ्यांसाठी दोन ठिपके द्या : उजवीकडे २, वर २, डावीकडे २, वर २. तोंडासाठी क्षच्या वर्गाचा चौथा भाग घ्या आणि त्यातून ३ वजा करा. येईल तो य. क्ष मात्र उणे २ पासून अधिक २ पर्यंतच. बघा, चेहरा हसला! आता त्या चौथ्या भागाआधी उणे चिन्ह लावा. चेहरा रुसला की नाही? या वक्राला अन्वस्त म्हणतात. शेतातल्या पंपाच्या नळातून सुटलेली पाण्याची धारही असाच बाक घेते.

समीकरण आणि आकृती यांची ही गाठ फ्रान्सच्या देकार्तने १६३७ च्या आपल्या ग्रंथात घातली. गणितात गंमत आणण्याची रीत मात्र आपल्याकडे जुनी आहे. भास्कराचार्यांच्या ११५० च्या 'लीलावती'त मोर आहे, साप आहे, भुंगेही आहेत.

शिक्षकबंधू-भगिनींनो, अभ्यासक्रम पुरा करायचा आहे, हे खरेच. पण उणे चिन्ह विसरून गुण घालवणारी मुले आपण रोज पाहतो. ज्याने तो रुसलेला चेहरा स्वतः काढला, त्याला त्या चिन्हाचे मोल निराळे सांगावे लागणार नाही. हल्ली मोबाइलवर समीकरण लिहिले की चित्र आपोआप उमटते. तेही दाखवा, पण पहिले चित्र हातानेच काढू द्या.

आणि त्या चेहऱ्याला टोपी घालायची तर समीकरणे कोणती? ती मुलांनाच शोधू द्या.