ओलं सरपण

(वर्षावासानिमित्त नागपुरातील एका बुद्धविहारात झालेल्या व्याख्यानमालेतील तिसरे पुष्प)



विहार समितीनं मला विषय दिला 'नैराश्य आणि बुद्धाचा धम्म'. पत्रिका निघाली आणि एका जुन्या स्नेह्यांचा फोन आला. म्हणाले, "सर, ह्या विषयाले लोकं येतीन का? आले तरी कोणी पाहीन म्हणून मागं बसतीन." आता पाहतो, तर खरंच मागच्या रांगा आधी भरल्या आहेत. हरकत नाही. तिथूनही ऐकू येतं.

आपल्या गावात प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, १८६४ सालचं. पाटीवर 'मनोरुग्णालय' लिहिलंय, पण ऑटोवाल्याला आपण काय सांगतो? 'पागलखाना चौक'. पाटी बदलली, तोंडातला शब्द बदलला नाही. या एका शब्दापायी किती माणसं डॉक्टरकडे जायची टाळतात, त्याचा हिशेब नाही. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेनं २०१५-१६ साली देशभर मानसिक आरोग्याचं सर्वेक्षण केलं. त्यात दर वीस माणसांमागे एकाला आयुष्यात कधीतरी नैराश्यानं गाठल्याचं दिसलं. या सभागृहात शंभर-सव्वाशे लोक आहेत. हिशेब तुम्हीच करा. त्यातला एक मी, एवढं आधीच सांगून टाकतो.

पहिल्यांदा एक घोळ मिटवू. दुःख वेगळं आणि नैराश्याचा आजार वेगळा. ६ डिसेंबर १९५६ ला या शहरावर जे कोसळलं ते दुःख होतं. १४ ऑक्टोबरला दीक्षा झाली आणि त्रेपन्न दिवसांत बाबासाहेब गेले. इंग्रज भिक्खू संघरक्षित त्या दिवशी योगायोगानं नागपुरात होते. त्यांनी लिहून ठेवलंय की संध्याकाळी कस्तुरचंद पार्कात लाखभर माणसं जमली. धड मंच नव्हता. बोलायला उठलेल्यांना हुंदका आवरेना, दोन वाक्यं बोलून ते खाली बसत. शेवटी संघरक्षित रिक्षाच्या सीटवर उभे राहून बोलले. पुढच्या चार दिवसांत त्यांच्या वस्त्यावस्त्यांतून चाळीसच्या आसपास सभा झाल्या. पुढे या संघरक्षितांच्या वागण्यावर गंभीर आक्षेप आले, तेही विसरायचं कारण नाही. पण त्या चार दिवसांतलं नागपूर आठवून पाहा. माणसं रडत होती आणि रडता रडता सभेला येत होती, सतरंज्या घालत होती, दीक्षा घेत होती. दुःखात माणूस दुसऱ्याच्या खांद्यावर डोकं ठेवतो.

नैराश्यात त्याला खांदाच नकोसा होतो. तान्ह्या पोळ्याला नातू लाकडी बैल घेऊन दारात उभा राहतो आणि आजोबांच्या आत काही म्हणजे काही हलत नाही. झोप पहाटे तीनला मोडते. अन्नाची चव जाते. आंघोळीला उठायचं म्हणजे डोंगर चढायचा. 'मी कुचकामी, घरावर ओझं' हे एकच पालुपद दिवसभर सुरू राहतं. असे दोन आठवडे सलग गेले की डॉक्टर त्याला आजार म्हणतात, आणि आजाराला औषध असतं.

आता आपल्यातलेच काही म्हणतील, यात नवल काय? बुद्धानंच सांगितलंय ना, सगळं दुःख आहे? बाबासाहेबांना नेमका हाच प्रश्न पडला होता. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' १९५७ साली, त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रस्तावनेत चार आर्यसत्यांबद्दल ते विचारतात की जगणंही दुःख, मरणंही दुःख आणि पुन्हा जन्मही दुःख असेल, तर माणसाला आशा कुठे उरली? असा धम्म निराशेचाच म्हणायचा का? हा प्रश्न दाबून टाकायला ते तयार नव्हते. ग्रंथभर त्यांचं उत्तर एकच आहे: धम्म दुःखाचा स्वीकार करतो तो दुःख घालवण्यासाठी. बाकी सगळं या कसोटीवर घासून पाहायचं.

दुसरी चूक जास्त घातक. आजारी माणसाला आपण सांगतो, 'मागच्या जन्मीचं कर्म, भोगावं लागतं.' पाली त्रिपिटकातल्या संयुत्तनिकायात सीवक नावाचा परिव्राजक हेच विचारायला येतो. बुद्ध त्याला वेदनांची आठ कारणं मोजून दाखवतात. पित्त, कफ, वात, तिन्हींचा प्रकोप, ऋतुमान, शरीराची हेळसांड, बाहेरून झालेला आघात, आणि आठवं कर्म. म्हणजे सगळं कर्मावर ढकलणं त्यांनाही मान्य नव्हतं. त्या काळच्या वैद्यकाची भाषा आहे ती. आज ते मेंदूतल्या रसायनांबद्दल, थायरॉईडबद्दल, बाळंतपणाबद्दल, दारूबद्दल, डोक्यावरच्या कर्जाबद्दल आणि जातीवरून झालेल्या अपमानाबद्दल बोलले असते, असं मला वाटतं.

त्याच निकायात दोन बाणांचा दृष्टान्त आहे. पहिला बाण लागतो, तो वेदनेचा. अडाणी माणूस स्वतःला दुसरा मारून घेतो, तो मनाचा. नैराश्याचा आजार हा पहिला बाण समजा. 'मला असं झालंच कसं, मी तर धम्म मानणारा, मग मी खोटा उपासक' हा दुसरा. पहिल्याला डॉक्टर लागतो. दुसरा आपण मारायचं थांबवू शकतो, निदान घरच्यांनी तरी तो हातात देऊ नये.

आता मुख्य मुद्दा. नैराश्य म्हटलं की लोक लगेच म्हणतात, ध्यानाला बसा. मलाही सांगितलं. सहचारिणी गेली, त्याच वर्षी कॉलेजातून निवृत्त झालो. तीस वर्षं पाली शिकवलेला माणूस, आसन घालून बसलो की झालं, असं सगळ्यांना वाटलं आणि मलाही. बसलो. डोळे मिटले की घाण्याचा बैल सुरू. तीच खोली, तोच सलाईनचा स्टँड, तीच 'वेळेवर नेलं असतं तर'. तासाभरानं उठायचो तो बसलो होतो त्याहून खचून. मग ध्यानही जमत नाही, ही आणखी एक नापासी.

आणि गंमत पाहा, याचं उत्तर मी वर्गात दरवर्षी शिकवत आलो होतो. संयुत्तनिकायातलं अग्गिसुत्त. अग्गि म्हणजे आग. बुद्ध विचारतात, आग बारीक झालीय, ती पेटवायचीय. तिच्यावर कोणी ओलं गवत, ओलं शेण, ओली लाकडं टाकली, वरून धूळ लोटली, तर ती पेटेल का? या माता-भगिनींना विचारा. चूल ज्यांनी फुंकलीय त्यांना सुत्त समजावून सांगावं लागत नाही. वाळक्या काड्या हव्यात, सुकी गोवरी हवी, फुंकणी हवी.

बोधीची सात अंगं आपल्याला पाठ आहेत. त्यांची बुद्ध इथे वाटणी करतात. मन मंदावलेलं, गळून गेलेलं असेल तेव्हा पस्सद्धी, समाधी आणि उपेक्खा यांची वेळ नव्हे. शांत करणारी ही तीन अंगं तेव्हा ओल्या सरपणासारखी ठरतात. तेव्हा धम्मविचय, विरिय आणि पीती हवी: चौकसपणा, हालचाल आणि थोडा आनंद. मन भडकलेलं असेल तेव्हा उलट. आणि सती, म्हणजे जागेपणा, सगळ्या वेळी चालते. अट्ठकथाकार, म्हणजे जुने भाष्यकार, तिला भाजीतल्या मिठासारखी म्हणतात. अडीच हजार वर्षांपूर्वी एका वैद्याच्या मनाच्या माणसानं सांगून ठेवलंय की औषध चांगलं असलं तरी वेळ चुकली तर अपाय होतो. मी हे मुलांना परीक्षेपुरतं शिकवलं आणि स्वतःच्या चुलीत ओली लाकडं कोंबत बसलो.

हालचाल म्हणजे काय, तेही किती साधं आहे पाहा. मोग्गल्लान ध्यानात पेंगत होते. इतका मोठा शिष्य! अंगुत्तरनिकायात बुद्ध त्यांना पायरीपायरीनं उपाय सांगतात. मनातला विषय बदल. नाही जमलं तर पाठांतर म्हण. नाही तर कान ओढ, हातपाय चोळ. उठून डोळ्यांवर पाणी मार, चारी दिशांकडे आणि आकाशातल्या ताऱ्यांकडे पाहा. प्रकाशाची संज्ञा मनात धर. येरझारा घाल. आणि एवढं करून नाहीच जमलं, तर उजव्या कुशीवर नीट झोप. शेवटच्या पायरीवर रागावणं नाही, झोपायची मुभा आहे. ही पेंग म्हणजे नैराश्य असं मी म्हणत नाही. पण जड झालेल्या माणसाशी कसं बोलावं, ते इथे शिकावं.

आधुनिक वैद्यक याच वळणावर आलंय. गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत 'संगाथ' संस्थेनं नैराश्याच्या ४९५ रुग्णांवर एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१७ साली आले. समुपदेशक कोण, तर प्रशिक्षण दिलेली साधी माणसं. सहा ते आठ भेटी. भर कशावर, तर माणसानं सोडून दिलेली कामं हळूहळू पुन्हा हाती घेण्यावर. तीन महिन्यांनी नेहमीच्या उपचारावर असलेल्यांपैकी ३९ टक्के नैराश्यातून बाहेर आले होते, आणि या भेटी मिळालेल्यांपैकी ६४ टक्के. वाळकी काडी दुसरी काय असते?

मग ध्यान वाया का? मुळीच नाही. त्याची वेळ वेगळी. सेगल, विल्यम्स आणि टीसडेल या तिघा मानसशास्त्रज्ञांनी सजगतेवर आधारलेला आठ आठवड्यांचा उपचार तयार केला, तो मुख्यतः आजारातून बाहेर आलेल्यांसाठी, तो उलटू नये म्हणून. २००० सालच्या त्यांच्या पहिल्या चाचणीत, ज्यांना तीन किंवा अधिक वेळा नैराश्य येऊन गेलं होतं, त्यांच्यात आजार उलटण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. चूल नीट पेटली की जाड लाकूड घालता येतं. विपश्यनेचंही तेच. विपश्यनाचार्य सत्यनारायण गोएंका स्वतः डोकेदुखीनं हैराण होऊन ऊ बा खिन यांच्याकडे गेले, तेव्हा नुसत्या डोकेदुखीसाठी शिकवायला गुरूंनी नकार दिला होता. आजही दहा दिवसांच्या शिबिराच्या नियमांत लिहिलेलं असतं की हा औषधोपचाराला पर्याय नाही, गंभीर मानसिक आजार असलेल्यांनी येऊ नये. अर्जातला तो रकाना खरा भरा. आणि चालू गोळ्या शिबिरासाठी मनानं बंद करू नका.

माझी चूल कशी पेटली ते सांगतो. आमच्या गल्लीतल्या एक बाई, विहाराच्या महिला मंडळातल्या, एक दिवस दारात उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "सर, घरात बसून काय करून राहिले? माह्या गुडघ्यानं आता होत नाही. ही चावी धरा, सकाळी सहाले विहार उघडा." धम्मोपदेश नाही, 'सकारात्मक विचार करा' नाही. हातात चावी. पहिल्या दिवशी नुसतं कुलूप काढून परत आलो. चौथ्या दिवशी झाडू घेतला. आठवड्यानं त्याच बाईंच्या मुलानं मला स्कूटरवर बसवून मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत नेलं, रांगेत माझ्याबरोबर दोन तास उभा राहिला. गोळ्यांचा गुण यायला महिनाभर लागला. मधल्या त्या महिन्यात मला चावीनं धरून ठेवलं.

बुद्धांचा शिष्य आनंद एकदा म्हणाला होता, कल्याणमित्र, म्हणजे चांगला सोबती, हे अर्धं ब्रह्मचर्यच, अर्धं धम्मजीवनच. बुद्धांनी त्याला दुरुस्त केलं: अर्धं नव्हे, सगळं. आपल्या विदर्भात याचा पुरावा आहे. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम चालला. गावातल्याच प्रशिक्षित माणसांनी घरोघरी जाऊन नैराश्याबद्दल बोलायला सुरुवात केली. आधी नैराश्यग्रस्तांपैकी शंभरात चारच्या आसपास लोक मदत घेत होते. दीड वर्षात ते सत्तावीस झाले. शेतकऱ्याचं कर्ज त्यानं फिटलं नाही, ते सरकारनं पाहावं. पण माणूस दारापर्यंत आला.

विहारांना माझी एवढीच विनंती आहे. वंदनेला नेहमी येणारा माणूस तीन आठवडे दिसला नाही, तर त्याच्या घरी जाणं हे समितीचं काम समजा. सल्ला देऊ नका, काम द्या, हलकं, अर्ध्या तासाचं. दवाखान्यात एकट्याला पाठवू नका. जिवाचं बरंवाईट करायचं बोलला तर ते नाटक समजू नका, त्या रात्री त्याला एकटं सोडू नका. सरकारचा १४४१६ हा टेलिमानस क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीतही बोलतात. तो विहाराच्या फळ्यावर लिहून ठेवा.

थेरीगाथेतली पटाचारा तुम्हाला ठाऊक आहे. नवरा, दोन मुलं, आईबाप, भाऊ, सगळं गेलं, आणि ती भान हरपून नागवी भटकत राहिली. लोक तिला हाकलत होते. बुद्धांनी तिला जवळ येऊ दिलं, भानावर ये म्हणाले. ती भानावर आली तेव्हा तिला आपल्या अंगावर काही नाही हे कळलं, आणि गर्दीतल्या कोणीतरी आपलं उपरणं तिच्याकडे टाकलं. उपदेश त्यानंतर झाला. आधी वस्त्र, मग धम्म. तो क्रम आपण उलटा करून बसलोय.

बोलणं लांबलं. मागच्या रांगेतल्यांना एक सांगायचं राहिलं. उद्या सकाळी सहाला विहार उघडायचा आहे. चावी अजून माझ्याकडेच असते. पण वय झालं, आता सगळं अंगण एकट्यानं झाडून होत नाही. दुसरा झाडू दाराच्या मागे ठेवलेला आहे.